पाण्याचा पहारा

सोनाळ्याच्या शाळेत पुरातून वाचलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि मी, गावची नर्स, एका तहानलेल्या माणसापासून पाणी लपवत होते. क्लोरीनच्या गोळ्या वाटतानाही माझं एक लक्ष त्याच्याकडेच होतं.

गुलाम रसूलचाचा शिंपी. दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. परवा पूल वाहून गेला आणि त्यांचं डायलिसिस चुकलं. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साचतं आणि छातीत चढतं. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण मोहरमचे दिवस, तहानलेल्याला पाणी पाजणं मोठं पुण्याचं. जो तो गुपचूप चाचांच्या हातात बाटली देई आणि माझ्याकडे मी कसाई असल्यासारखं बघे. पुण्य करणाऱ्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुपारी चाचांच्या श्वासात घरघर सुरू झाली. उशाखाली रिकाम्या बाटल्या सापडल्या. पोलिसांच्या वायरलेसवरून सकाळीच बोट मागवली होती, तिचा पत्ता नव्हता. मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, ओल्या कापसानं ओठ पुसले. याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

"बानो, घोटभर दे ना," चाचा बायकोला म्हणाले. "माहा जीव जाऊन राह्यला."

बानोचाची दर मोहरमला दारात मांडव घालून अख्ख्या गावाला सरबत पाजायची. ती तांब्या घेऊन उठली. मी तिला अडवायला उठले. चाची त्यांच्या पुढून गेली, तांब्या अंगणात ओतला आणि परत येऊन बसली.

"सिस्टरनं हो म्हटल्याशिवाय नाही भेटत," ती म्हणाली. "मी बी पेत नाही."

चाचांनी तोंड फिरवलं.

दिवस कलताना बोट आली. त्यात आधीच एक बाळंतीण होती, चाचीला जागा उरली नाही. चाचांना उचलून आत बसवलं. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"साऱ्या गावाले पाजते," ते बोटवाल्याला धापा टाकत म्हणाले, "मलेच नाही पाजलं तिनं."

बोट दिसेनाशी झाली तरी चाची काठावरून हलेना. मी पेला भरून तिच्यापुढे धरला. "चाची, आता तरी प्या."

"त्याईचा फोन येऊ द्या," ती म्हणाली.

पूर आल्यापासून मोबाईलला रेंज नव्हती. ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.