पडद्यामागचा ठेका

या माउल्यांनो, जरा पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. वैशाखरे गावच्या सकुबाईची गोष्ट सांगते. देवाच्या दारातली आहे, म्हणून पदरचं काही घालणार नाही.

अडुसष्ट साली गावातल्या पोरांनी दोन गिटारी नि एक ड्रमसेट आणून 'वादळ बीट पार्टी' काढली. म्हसा गावच्या जत्रेत माणसं बैलगाड्यांवर उभी राहून ऐकत. वाळू गायचा, धाकलू गिटार छेडायचा. ड्रम मात्र पडद्यामागून वाजे. तिथं सोळा वर्षांची सकू बसायची. तिचा बाप देवळात कीर्तनाला मृदंग वाजवी. बघून बघून ठेका पोरीच्या हातात उतरला. पण बाईनं मृदंगाला शिवायचं नाही, असा गावचा दंडक. विलायती ड्रमाबद्दल कुणी काही ठरवलंच नव्हतं! तिनं बापाचा भजनी ठेका त्या ड्रमावर धरला, आणि पार्टीचं नाव झालं ते त्याच ठेक्यावर.

परवा देवळात, कीर्तनाआधी, पार्टीच्या इतिहासाचा फलक लावायचा होता. वाळू आता हयात नाही. पुढाकार त्याच्या मुलाचा, हरेशचा. फलकावर रंगवलं होतं, 'ड्रम : वाळू'. सकुबाईनं चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"हरेश, चुकलंय रे. ड्रम मी वाजवायची."

"बाबा सांगायचे तेच लिवलंय, आजी. तुमाला वाजवताना कुणी बघितलं?"

"कसं बघतील? पडदा तुझ्या बापानंच लावला व्हता ना!"

बायका खुदकन हसल्या. हरेश ओशाळला. "कार्यक्रम होऊ दे गो, मग बघू."

"तुमचं 'मग बघू' ऐकता ऐकता म्हातारी झाले मी."

ती सरळ पुढं गेली, बसली आणि कीर्तनासाठी मांडलेला मृदंग मांडीवर ओढला.

"ए, बाईनं हात नाय लावायचा!" मागून कुणी ओरडलं.

"ये मग, काढून घे," म्हणत तिनं थाप मारली.

पहिल्या दोन थापा वाकड्या पडल्या. मनगटं म्हातारी होती. मग ठेका जमला, आणि पार्टीतला एकटा उरलेला धाकलू खुर्चीवरून उठला.

"हाच तो ठेका. वाळूनं ड्रमाच्या काठ्या कधी धरल्याच नाय. वाजवायची ही."

"मग इतकी वर्सं तोंडात गुळणी का धरली व्हती, धाकलूदादा?" सकुबाईनं विचारलं.

"भ्यायलो गो. पोरीच्या जिवावर नाव कमावलं म्हणून लोक हसतील, असं वाटलं."

हरेश फलकाकडं वळला. "रंगाऱ्याला सांगतो. सगळ्यात खाली तुमचं नाव टाकू."

"खाली नाय. ड्रम लिवलंय त्याच्यापुढं. आणि आजच. तवर मृदंग सोडत नाय मी."

कीर्तनाला आलेले बुवा पुढं झाले. त्यांनी वीणा गळ्यात घेतली. "वाजवा माउली. मी कीर्तनाला उभा राहतो."

चारदोन जण चपला घालून निघून गेले. त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही. रंगारी येऊन 'ड्रम : सकुबाई' रंगवीपर्यंत कीर्तन तिच्याच हातावर चाललं.

मागणं एवढंच आहे, माउल्यांनो. मृदंगावर पहिली थाप पडली, की देवाच्या नावामागोमाग सकुबाईचंही नाव मनात घ्या.