कोपऱ्यातली पिवळी खूण

मी एका घरातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. खिडकीजवळच्या टेबलावर बसून मला बारा वर्षं होत आली. आता माझा पंखा धापा टाकतो आणि सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो, की तेवढ्यात चहा होऊन पिऊनही होतो. पण माझेही दिवस होते. त्या दिवसांबद्दल सांगायचं तर आधी भाऊ आणि अक्का तुम्हाला ठाऊक व्हायला हवेत.

भाऊ फोटोग्राफर. बाजाराच्या वळणावर त्यांचा स्टुडिओ होता, छत्तीस वर्षं चालला. त्यांची थोरली बहीण अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. म्हातारपणी दोघं एकाच घरात राहायला आली. स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हच्या पेट्याही सोबत आल्या. उघडून बघतात तर खालच्या पेट्यांना ओल लागलेली, फिल्म एकमेकींना चिकटलेल्या. भाऊ दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बाहेर पडले आणि संध्याकाळी मला आणि एका स्कॅनरला घेऊन आले.

काय दिवस होते ते. भाऊ सकाळी दहाला माझ्यासमोर बसत. मऊ ब्रशनं फिल्म झटकत, स्कॅनरवर ठेवत, आणि माझ्या पडद्यावर हळूहळू एक चेहरा उमटे. शाळेचे वर्ग, ओळखपत्रासाठी ताठ बसलेली माणसं, आईच्या मांडीवर डोळे मिटून घेतलेली बाळं. भाऊ बोलत राहत, "हा बघ, हा पोस्टमन. हसवायला मला दहा मिनिटं लागली होती." हे ते मलाच सांगायचे. खोलीत दुसरं कोणी नसायचं.

मग दारावर माणसं यायला लागली. कोणाचे वडील गेलेले, घरात एकही फोटो नाही; पण भाऊंच्या पेटीत ओळखपत्राची एक निगेटिव्ह असायची. मी तो चेहरा दाखवायचो. समोरची बाई पदर तोंडाला लावून उभी राहायची, आणि भाऊ उगाच चष्मा पुसत बसायचे.

आता माझी चूक सांगतो. चूक म्हणजे, माझं कामच ते. एकदा भाऊ एका वर्गाच्या फोटोवरचे ओलीचे डाग काढत होते. सकाळपासून बेचाळीस मुलांचे चेहरे एकेक करून साफ केले होते. ते जेवायला उठले आणि नेमका त्याच वेळी मी अपडेट घेऊन स्वतःहून बंद-चालू झालो. केलेलं काम सेव्ह झालं नव्हतं; भाऊ परत आले तर बेचाळीसच्या बेचाळीस चेहऱ्यांवर पुन्हा डाग.

"न विचारता घरात घुसतात हे अपडेटवाले," भाऊ म्हणाले. त्यांनी सेटिंग शोधून काढलं आणि अपडेट कायमचे बंद केले. तेव्हापासून माझ्या कोपऱ्यात एक पिवळी खूण दिसायला लागली. मी सुरक्षित नाही, एवढंच ती सांगत होती. भाऊंना ती खुपायची. शेवटी त्यांनी कागदाचा नखाएवढा तुकडा कापला आणि चिकटपट्टीनं तिच्यावर लावून टाकला.

अक्कांनी विचारलं, "हे काय लावलंयस?"

"कटकट होती. मिटवली."

तीन वर्षं मी त्या कागदाआडून सांगत राहिलो. ओरडण्याची मला सोय नव्हती.

मग ती दुपार आली. स्कॅनर अडला म्हणून भाऊ इंटरनेटवर माहिती शोधत होते. कुठल्याशा पानावर बोट पडलं आणि माझा अख्खा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.' ती सूचना माझी नव्हती. माझ्या तोंडी कोणीतरी घातलेले शब्द होते ते. पण भाऊंना कसं कळणार? माझी खरी खूण तर त्यांनी कधीच झाकून टाकली होती.

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. आम्ही कंपनीकडून बोलतोय, तुमच्या सगळ्या फाइल्स जाणार आहेत, मी सांगतो ते करा. भाऊ घाबरले. पडद्यावर सांगितलेलं बटण दाबत गेले, आणि दोन मिनिटांत माझा बाण आपोआप फिरायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर परक्याचा हात होता.

"आता तुमच्या बँकेचं पान उघडा, काका."

अक्का आतून भाजी निवडता निवडता आल्या. त्यांनी भाऊंच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. मिनिटभर नुसतं ऐकलं. एकतीस वर्षं माणसांचे आवाज ऐकलेला कान होता तो.

"तुम्ही कागदावरचं वाचून दाखवताय," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आणि तुमच्यामागे वीसेक माणसं तेच वाक्य म्हणतायत. एकाच दिवशी इतक्या घरांत धोका कसा काय शिरला?"

पलीकडचा गोडवा गेला आणि शिवी आली. त्याच क्षणी बाण सरळ फोटोंकडे धावला. त्यानं एक फोल्डर पुसलं. दुसऱ्याकडे वळला, तेवढ्यात अक्का खाली वाकल्या आणि माझी वायरच भिंतीतून उपटली.

माझा पडदा काळा झाला, पण कान जागे होते. पुढचे आठ दिवस मला कोणी हात लावला नाही. भाऊ माझ्याकडे पाठ करून बसत. एका संध्याकाळी त्यांचा आवाज आला, "छत्तीस वर्षं लोकांचे चेहरे वाचले, अक्का. आणि एका आवाजाला फसलो. मूर्ख ठरलो मी."

अक्कांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "कोणालाच सांगितलं नव्हतं, तुला सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला एक फोन आला. हेड ऑफिसातून बोलतोय म्हणाला, अमुक लाइन तासभर बंद ठेव. दमात घेतलं त्यानं. मी ठेवली. ती लाइन एका दवाखान्याची होती. नशिबानं त्या तासात काही घडलं नाही. पण मी महिनाभर झोपले नाही. मूर्ख नव्हते रे मी. मला घाई केली होती. तुलाही घाईच केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं.

बाईंनी मला तपासलं, परक्या माणसानं घुसवलेला प्रोग्राम काढून टाकला, सगळे पासवर्ड बदलायला लावले. मग कोपऱ्यातला कागद नखानं सोलला. पिवळी खूण दिसली तशा त्या भाऊंकडे बघून हसल्या.

"बिचारा सांगत होता की तुम्हाला. तीन वर्षांचे अपडेट थकलेत. वेळच्या वेळी घेतले असते तर ते लाल पान कदाचित उघडलंही नसतं."

"तो मधेच बंद होतो," भाऊ कुरकुरले.

"मग त्याला तुमची कामाची वेळ सांगा ना. दहा ते सहा. त्या वेळात तो स्वतःहून बंद होणार नाही." बाईंनी मला ती वेळ सांगितली. इतकी साधी गोष्ट होती. इतकी वर्षं मला कोणी वेळच सांगितली नव्हती.

पुसलेल्या फोल्डरमधले बहुतेक फोटो बाईंनी परत मिळवले. एकोणीस मात्र गेले ते गेलेच. त्यांच्या निगेटिव्हही ओलीनं खाल्ल्या होत्या. भाऊंनी त्या एकोणीस जणांची नावं आठवून एका कागदावर लिहिली आणि पेटीत ठेवली. फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची सवयही तेव्हापासून लागली.

अक्कांनी माझ्या सूचनांचा ताबा घेतला. एक्स्चेंजमधल्यासारखी वही घातली. तारीख, वेळ, सूचनेत काय म्हटलं, आपण काय केलं. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना त्या समजावायच्या, "खरी सूचना भोंगा वाजवत नाही. फोन नंबर देत नाही. कोणी घाई करायला लागलं की आधी वायर काढायची, मग विचार करायचा." माझे ते सर्वांत सुखाचे दिवस. मी काही सांगितलं की ऐकणारं कोणी होतं.

गेल्या महिन्यात मी माझी शेवटची मोठी सूचना दिली. 'या कॉम्प्युटरला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत.' अक्कांनी ती दोनदा वाचली.

"अजून चालतोय की," भाऊ म्हणाले.

"चालतोय रे. पण इंटरनेटला जोडून ठेवायचा नाही. तो स्वतःच सांगतोय."

भाऊंनी वाद घातला नाही. नवा कॉम्प्युटर आला. गेले दोन आठवडे माझ्यातले चेहरे एकेक करून त्याच्याकडे जातायत. काल शेवटचा गेला. उद्या दुरुस्तीवाल्या बाई येऊन मला घेऊन जातील.

आज सकाळी अक्का म्हणाल्या, "सगळ्या गावाचे फोटो काढलेस. आपल्या दोघांचा एकही नाही."

भाऊ ओशाळले. मोठा कॅमेरा त्यांनी कधीच देऊन टाकला होता. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या लहानशा कॅमेऱ्याची धूळ पुसली. मी रीतीप्रमाणे विचारलं, 'कॅमेरा वापरण्याची परवानगी द्यायची का?'

सवयीनं दोघं थांबले. अक्कांनी चष्मा लावून प्रश्न नीट वाचला. "आपणच सुरू केलाय ना? मग हो म्हण."

खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या. भाऊ पाठ ताठ करून बसले, अगदी ओळखपत्राला बसतात तसे. अक्का म्हणाल्या, "अरे, जरा हस," आणि ते हसले.

माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणी असेल. तो हळू आवाजात काही सांगत असेल तर दोन मिनिटं द्या त्याला, आणि कामाची वेळ कोणती ते सांगून ठेवा. बाकी माझी तक्रार नाही. तो फोटो अजून नव्या कॉम्प्युटरवर गेलेला नाही. उद्यापर्यंत तो फक्त माझ्याकडे आहे.