नुकुनोनूची उंची

खिडकीतल्या औषधांच्या पाकिटांमध्ये तो प्रवाळाचा पांढरा तुकडा – हाताला खरखरीत, आणि इतका हलका की उचलला तरी उचलल्यासारखं वाटू नये... शशिकांतने तो मागच्या वर्षी नुकुनोनूहून स्नेहलतासाठी आणला होता, ती नुसती दमते आहे असं दोघांनाही वाटत होतं तेव्हा. समुद्राला भिंत कुठे घालावी याची मोजणी करायला कंपनीने त्याला टोकेलावला पाठवलं होतं. न्यूझीलंडच्या अखत्यारीतली तीन प्रवाळबेटं, त्यातलं एक नुकुनोनू. विमानतळ नाही, बंदर नाही. सामोआहून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी कधीतरी खडकांबाहेर थांबते आणि माणसं लाटेचा अंदाज घेत होडीत उतरतात. तिथली राजधानी दरवर्षी बेट बदलते, प्रमुखपणही पाळीपाळीने फिरतं, असं त्याने सांगितलं तेव्हा ती हसली होती, "म्हणजे आमच्या माहेरचा गणपती! यंदा थोरल्याकडे, पुढच्या वर्षी धाकट्याकडे." आता ती आतल्या खोलीत झोपली होती. की डोळे मिटून पडली होती... हल्ली विचारायचं नाही असं ठरून गेलं होतं, कुणीच न ठरवता.

बेल वाजली. दारात हीना – त्याच्याच ऑफिसात नकाशे काढणारी – आणि तिचे वडील, पेटेलो. वेलिंग्टनच्या पार दुसऱ्या टोकाच्या अप्पर हटहून त्याच्या घरी, जॉन्सनव्हिलपर्यंत आले होते.

"किया ओरा, शशी. डॅड ऐकतच नाहीत. आता तूच सांग."

पेटेलो टोपी मांडीवर घेऊन बसले. तरुणपणी वादळानंतर नुकुनोनू सोडून आले होते, मग जन्मभर मोटारींच्या कारखान्यात.

"निकाल ऐकलास?" ते म्हणाले. स्वतःचं सरकार हवं का, यावर बेटांवर मतदान झालं होतं. 'हो' म्हणणारे जास्त, पण दोन तृतीयांशाला थोडे कमी पडले. "मला मत नव्हतं. इथे राहणाऱ्यांना नसतं. पण मी परत चाललोय. बहिणीशेजारी घर बांधायचंय. तू मोजणी केलीस. टिकेल?"

बेटावरची सगळ्यात उंच जागा त्याला आठवली. तिथे उभं राहिलं की एका हाताला महासागर, दुसऱ्या हाताला खाजण, आणि मागे सरकायला जागाच नाही. कमाई म्हणजे परदेशी बोटींना दिलेले मासेमारीचे परवाने, हौशी लोकांना विकलेली टपाल तिकिटं, बाकी सगळं वेलिंग्टनहून येणारं – त्यात भिंत होणार ती अर्ध्याच किनाऱ्याला. हे त्याला पाठ होतं.

"सांगणं कठीण आहे," तो म्हणाला. "बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. आपण लक्ष ठेवून राहू."

आणि तो दचकला. हे शब्द त्याचे नव्हते, स्नेहलताच्या डॉक्टरबाईंचे होते... अगदी याच चालीत, याच हळू आवाजात. त्या दिवशी दवाखान्यात मी असाच बसलो होतो, मांडीवर जॅकेट घेऊन. त्या खोटं बोलत नव्हत्या, फक्त वळसा घालत होत्या, आणि मला ते कळत होतं, तरी मी वर थँक यू म्हणालो – का म्हणालो मी...

"माझ्यापुरतं टिकेल ना?" पेटेलोंनी विचारलं.

"तुमच्यापुरतं... हो."

"हीनाच्या मुलांना?"

"नो," तो म्हणाला. वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने.

हीनाने मान फिरवली. पेटेलो उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तरी जाणार मी. पण आता हीनाला बरोबर चल म्हणणार नाही."

दार लावून तो वळला. बापलेकीला कायमचं तोडलं आपण, एका शब्दात. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात... कुठे?

"कुणाला नो म्हणालास?" आतून स्नेहलताचा आवाज.

तो दाराशी जाऊन उभा राहिला. ती उशीला टेकून बसली होती, जागी, कदाचित मघापासूनच.

"शशी, डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाल्या? तसंच सांग. आत्ता त्यांना सांगितलंस तसं."

त्याने तोंड उघडलं. इतके आठवडे आपण हिला सांभाळतोय असं तो समजत होता, आणि उभा होता तो नुसता हिच्या न विचारण्यावर – आता पायाखाली तेही नव्हतं, आणि ती वाट पाहत होती.