टेबलावरचा निळा बाण

बाजारपेठेच्या टोकाला, चष्म्यांचं दुकान आणि एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ यांच्यामधल्या बोळाएवढ्या जागेत टाचणीकाकांचं दुकान होतं. बिघडलेले फोन आणि गाडीत लावायची वाट दाखवणारी यंत्रं ते दुरुस्त करीत. रीसेटच्या बारीक भोकात घालायची टाचणी कायम त्यांच्या शर्टाच्या खिशाला टोचलेली असे, त्यावरून हे नाव पडलं होतं. काकांचं मत असं, की यंत्राला बहुतेक वेळा काही झालेलंच नसतं, नको ते लक्षात राहिलेलं असतं. तेवढं पुसलं की गाडी रुळावर येते. गल्ल्यावर बसणाऱ्या काकू यावर म्हणत, "माणसांसाठी अशी टाचणी निघाली तर पहिली मला द्या."

टॅक्सी चालवणाऱ्या ताई त्यांच्याकडे आल्या त्या एका रिकाम्या दुपारी. पस्तिशीतल्या, मोजकं बोलणाऱ्या, किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत राहणाऱ्या. या गावात येऊन त्यांना दोनेक वर्षं झाली होती, आणि गल्ली न् गल्ली त्यांना तोंडपाठ होती.

"मला याची गरज अशी नाही," यंत्र टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "पण गिऱ्हाइकांना काचेपाशी हे दिसलं की बरं वाटतं. आणि हे तर भलतंच काहीतरी दाखवतंय."

काकांनी नेहमीचा उपाय केला. टाचणी घातली, पडदा काळा झाला, उजळला, भाषा विचारली. मग यंत्राला आपण जगाच्या पाठीवर कुठे आहोत हे नव्यानं कळावं म्हणून त्यांनी ते दुकानाच्या पायरीवर, उघड्या आभाळाखाली ठेवलं. आभाळातल्या उपग्रहांशी त्याची ओळखदेख व्हायला जरा वेळ लागतो. ती झाली, नकाशा उमटला आणि त्यावर आपली जागा दाखवणारा निळा बाणही आला. नकाशा मात्र भलत्याच गावाचा होता, इथून निम्म्या दिवसाच्या वाटेवरच्या. आणि यंत्र पायरीवर दगडासारखं पडून असताना बाण चालला होता. एका रस्त्यानं गेला, वळणावर हळू झाला, वळला, पुढे गेला.

"ये रे माझ्या मागल्या," काका पुटपुटले.

त्यांनी सगळं करून पाहिलं. नकाशे पुसून नवे भरले, बॅटरी बदलली, आतला अँटेना बदलला. शेवटी यंत्र पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावलं. आत आभाळातलं काही पोहोचणं शक्य नव्हतं. चहा पिऊन झाकण उघडलं तेव्हा बाण बराच पुढे गेला होता आणि त्याच्यामागची वाटेची रेघ कुठेही तुटलेली नव्हती. काकांना राग यायला हवा होता. त्याऐवजी लहानपणी पहिल्यांदा घड्याळ उघडलं होतं तेव्हासारखं काहीतरी त्यांना वाटत होतं. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी यंत्र बंद केलं नाही, चार्जरला लावून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा काका भिंग लावून पडद्याकडे बघत होते. ताईंनी वाकून पाहिलं आणि त्यांच्या बोटातला जुडगा थांबला.

"हा रस्ता कापडगिरणीच्या मागून जातो," त्या म्हणाल्या. "इथून कोणी जात नाही, खड्डे आहेत. मी जायची."

"तुम्ही त्या गावच्या?"

"सासर होतं."

बाण गिरणी ओलांडून एका मोठ्या चौकात आला आणि थांबला. सिग्नल असावा. सुटला तसा तो डावीकडे वळला, एका आडव्या गल्लीत शिरला आणि तिथल्या एका घरापाशी निवांत उभा राहिला. ताई स्टुलावर बसल्या.

"आमचं घर," त्या म्हणाल्या. मग कोणी विचारलं नसताना बोलू लागल्या. "लोकांना वाटतं मारझोड असेल, दारू असेल. तसलं काही नव्हतं. माणूस नाकासमोर चालणारा. मी बाजार करून येत होते, त्याच सिग्नलला थांबले. घरी जायचं तर डावीकडे वळायचं. दिवा हिरवा झाला आणि मी सरळ गेले. का ते मलाही सांगता येत नाही. पेट्रोल संपेपर्यंत थांबलेच नाही."

"जुनी नोंद असेल," काका म्हणाले. पण ते दोघांनाही पटलं नाही. एक तर काकांनी सगळं पुसलं होतं, आणि दुसरं म्हणजे बाण ज्या रुंद पुलावरून सकाळी गेला होता, तो ताई तिथे असताना बांधूनही झाला नव्हता.

त्यानंतर ताई रोज येऊ लागल्या. दोन भाड्यांच्या मधला वेळ त्या त्या स्टुलावर काढत. दुरुस्ती कुठवर आली हे त्यांनी विचारणं सोडून दिलं, आणि काकांनीही टाचणी काढणं सोडलं. पहिल्या दिवसांत त्या 'बाण' म्हणत. पुढे कधीतरी 'ती' म्हणू लागल्या.

"आज ती दवाखान्यात गेली होती. बराच वेळ होती."

"कोणाचं काही दुखत असेल," काका म्हणाले.

"आमच्या ह्यांनाच दम्याचा त्रास. आता तिला रजा काढावी लागेल." हे त्या शेजारणीविषयी बोलावं इतक्या सहज म्हणाल्या.

काकूंना हे आवडत नव्हतं. "दुसऱ्याच्या घरात असं डोकावू नये," त्या एकदा काकांना हळूच म्हणाल्या.

"दुसऱ्याचं कुठे? तिचंच आहे."

"तिचं असतं तर ती इथे कशाला बसली असती?"

मग एका दुपारी ताईंचा फोन वाजला. पलीकडे त्यांची आई होती. आईच्या फोनवर लेक कुठे आहे ते दिसायची सोय ताईंनीच करून दिली होती, एकट्या बाईची काळजी नको म्हणून. दुकान एवढंसं होतं, त्यामुळे काका-काकूंना आईचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू आलं.

"बरं केलंस बाई, परत गेलीस. मी काही विचारणार नाही. कालच फोनवर बघितलं, घरी दिसलीस. रात्रभर झोप लागली मला. किती दिवसांनी."

ताईंनी फोन कानापासून दूर धरला. काकांनी त्यांच्या हातातून तो अलगद घेऊन पाहिला. ताईंची जागा दाखवणारा फोनमधला ठिपकाही गल्लीतल्या त्या घरावर होता. त्यांनी ताईंना विचारून तोही रीसेट केला. पुन्हा सुरू झाल्यावर ठिपका तिथेच उमटला, आणि त्यांच्यादेखत स्वयंपाकघराकडून पुढच्या दाराकडे यावा इतपत सरकला.

"आईला खरं सांगा," काकू म्हणाल्या.

"काय सांगू?" ताईंनी विचारलं. "तिला झोप लागलीय." आणि जुडगा फिरवत, "काकू, मला इथे कोणी घरी वाट बघणारं नाही. तसं काही वाईट वाटत नाही. पण रोज संध्याकाळी ती तिथे पोहोचते ना, तेव्हा मलाही पोहोचल्यासारखं वाटतं."

तो आठवडा असाच गेला. मग एका सकाळी ताई दुकानात पाऊल टाकत होत्या तेवढ्यात काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बाण चौकात उभा होता. सिग्नल सुटला असावा, कारण बाण हलला. पण तो डावीकडे वळला नाही. सरळ गेला.

गाव मागे पडलं. बाण हमरस्त्याला लागला आणि सारख्या वेगानं येत राहिला. ताईंनी त्या दिवशी एकही भाडं घेतलं नाही. दुपार कलू लागली तशी पडद्यावर ओळखीची नावं येऊ लागली: धरण, टोलनाका, मग या गावाची वेस. काकू गल्ल्यावरून उठून टेबलापाशी आल्या होत्या.

"तुम्ही हवं तर आमच्या घरी चला," त्या ताईंना म्हणाल्या. "मागच्या दारानं जाऊ."

"का?" ताई म्हणाल्या. "बघू तरी. कशी दिसते ते."

बाण बाजारपेठेत शिरला. बँक ओलांडली, चष्म्यांच्या दुकानाशी हळू झाला. तिघांनीही काचेतून बाहेर पाहिलं. रस्त्यावर ऊन होतं, एक माणूस सायकल हातात धरून चालला होता, आणि ताईंची टॅक्सी सकाळपासून होती तिथेच उभी होती. दुसरी गाडी आली नाही. काकांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बाण दुकानावर येऊन थांबला होता. जिथे यंत्र होतं, नेमका तिथे.

काकांनी यंत्र उचललं आणि दारापर्यंत चालत गेले. बाण त्यांच्याबरोबर दारापर्यंत आला. परत फिरले, तोही फिरला. एखादं चांगलं यंत्र चालावं तसं ते चालत होतं.

"झालं वाटतं," ते म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा बारीक वाटला.

"झालं का?" ताई स्टुलावरून उठल्या. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, पर्समध्ये ठेवलं. मग फोन काढून एक नंबर लावला आणि तो उचलला जाईपर्यंत काकूंकडे बघून ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसावं तसं हसल्या.

"हो, झालं काम," त्या फोनवर म्हणाल्या. "निघतेच आता. तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल. आणि पंप जवळ ठेवा, दम लागला तर शोधत बसाल."

काकूंनी काकांच्या बाहीला धरलं होतं. ताईंनी फोन ठेवला, पैसे किती झाले ते विचारलं, काढून दिले. पायरी उतरल्यावर त्या थांबल्या, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि मागे वळल्या.

"काका, हमरस्त्याला कसं लागायचं हो इथून? येताना यंत्र नव्हतं, विचारत विचारत आले. मी या गावात पहिल्यांदाच येतेय."

काका पायरीवर आले. त्यांनी हात लांब करून रस्ता दाखवला: बँकेपर्यंत जा, तिथून उजवीकडे, पाण्याची टाकी दिसेल. त्यांनी तो दोनदा सांगितला, आणि दोन्ही वेळा त्यांचे डोळे ताईंच्या चेहऱ्यावर होते. परक्या गावात वाट चुकू नये म्हणून माणूस जसं मन लावून ऐकतं, तशा त्या एकेका वळणाला मान हलवत ऐकत होत्या.