सुशांतची झडप

मित्रांनो, मी एक जुनी झडप आहे. अर्धी म्हणा हवं तर, कारण मला उभं चिरलं आहे आणि माझा दुसरा तुकडा कुठे असेल ते मला ठाऊक नाही. झडप म्हणजे नळातून तेल सोडायचं की अडवायचं हे ठरवणारं दार. तुमचे बाबा तिला व्हॉल्व्ह म्हणत असतील.

माझा जन्म सौदीतल्या दम्माममधल्या एका भाड्याच्या गॅरेजात झाला. मला घडवणारा सुशांत मूळचा नाशिकचा. आठवडाभर तो अबकैकच्या तेलकारखान्यावर एका ठेकेदाराचा इंजिनिअर, शुक्रवारी मात्र माझा. इथली वाळू झडपांच्या सांध्यात शिरते आणि झडपा अडकून बसतात. सुशांतने माझ्या पोटात अशी कडी बसवली, की मी फिरले की तिने सांधा पुसून घ्यावा. कानस बोले घरघर, लोखंड झडे झरझर, अशी दोन वर्षं गेली. त्याची बायको ममता दारातून म्हणायची, "सवतीचं न्हाणं झालं असेल तर जेवायला या." तो हसायचा आणि मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

त्याच सुमारास त्याची मुलगी नूपुर सातवीत होती. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. पोरांची मॉडेलं आईबाप करतात, ही इकडच्या आपल्या लोकांची रीतच. सुशांतने मला टेबलावर उघडून मांडलं, मागे माझ्या पोटातल्या प्रत्येक भागाचा तक्ता स्वतः काढून टांगला आणि शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही ठोकली. चारशे माणसं मला पाहून गेली. पहिलं बक्षीस! शाळेच्या वार्षिकात तक्त्यासकट माझा फोटो आला. मी हरखून गेले होते, मित्रांनो. लोखंडाला अक्कल कुठली?

दोन वर्षांनी सुशांतने अर्ज करून पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे, ही कल्पना याची, दुसऱ्याने ती वापरू नये, असा सरकारी हक्क. पुढे एका मोठ्या कारखान्याने हुबेहूब माझ्यासारख्या हजारो झडपा काढल्या. सुशांत चिडला. त्याने नोकरी सोडली, रियाधला जाऊन मुआज नावाचा वकील गाठला आणि दावा ठोकला.

मुआज फक्त पेटंटचेच खटले लढायचा. ही माणसं निराळीच असतात. त्याने महिनाभर मला भिंगाखाली धरलं, माझा केसाएवढा उतारही मोजला. इंजिनिअरला इथे मुहंदिस म्हणतात. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "मुहंदिस, अर्जाच्या आधी ही कुणाला दाखवली होती? लग्नात, पार्टीत, मित्रांत? आत्ता सांग. मी रागावणार नाही. समोरचा वकील हसेल."

"कुणालाच नाही," सुशांत म्हणाला. शाळा त्याच्या मनातही आली नाही. शाळा काय जग असते?

मला तोंड असतं तर!

मग दोन्ही बाजूंनी ठरवून मला करवतीवर चढवलं. पोटातली कडी न्यायाधीशांना दिसायला हवी होती. सुशांत समोर उभा होता. त्याने मान फिरवली नाही. "सरळ कापा," एवढंच म्हणाला.

सुनावणीला ममता आणि नूपुर मागच्या बाकावर होत्या. नूपुर आता बारावीत. बाबा जिंकताना बघायला आली होती. कारखान्याच्या वकील अफनानबाई आधी इंजिनिअर, मग वकील. जखमेवर फुंकर घालावी अशा आवाजात त्या बोलायच्या. त्यांनी आधी शाळेचं वार्षिक दाखवलं, मग एक फॉर्म पुढे केला.

"मुहंदिस सुशांत, सही तुमची?"

दुभाष्याने विचारलं. सुशांत म्हणाला, "हो."

"वाचा."

"हे मॉडेल माझ्या मुलीने स्वतःच्या कल्पनेने, स्वतः बनवलं आहे."

"मग शोध तिचा. पेटंट तुमच्या नावावर कसं?"

"ती... बारा वर्षांची होती हो!"

"म्हणजे शोध तुमचा?"

"माझाच!"

"मग अर्जाच्या दोन वर्षं आधी तुम्हीच तो जगजाहीर केलात. जगजाहीर गोष्टीला पेटंट नसतं. दोन दारं आहेत, मुहंदिस. कुठल्याही दाराने जा, बाहेरच पडाल."

निकाल महिन्याने लागला, पण संपलं ते तिथेच. बाहेर येऊन मुआज पुटपुटला, "खलास." अफनानबाईंनी विचारलं, "निकालानंतर हिचा एक तुकडा मला द्याल? नव्या वकिलांना शिकवायला बरा पडेल." सुशांत माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्या."

मग तो पोरीवर उलटला. "तुझ्या त्या प्रोजेक्टपायी! माझी सात वर्षं खाल्लीस तू."

"अहो, लेकरू आहे ते!" ममता म्हणाली.

"बट पप्पा," नूपुरचा आवाज चिरकला, "तुम्हीच बोललात ना, कुणी विचारलं तर मीच बनवलंय सांग म्हणून?" आणि मग अगदी हळू, "मला तर मटकीला मोड आणून दाखवायचे होते."

सुशांत लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेला.

मित्रांनो, आता मी अफनानबाईंच्या फडताळात असते. नवे वकील येतात, माझ्या चिरलेल्या पोटात बोट घालतात आणि हसतात. माझ्यासारख्या झडपा वाळवंटभर फिरतात, त्यांच्यावर सुशांतचं नाव नाही. माझं काही मागणं नाही, लोखंडाचं काय, गंजून जाईन. पण तुमचे आईबाबा तुमचं मॉडेल करायला बसले, तर त्यांच्या हातातून ते काढून घ्या. तुमच्या हातून ते वाकडं होऊ द्या, पडू द्या, हरू द्या. उद्या त्यांचं काही हरपलं, तर ते आधी तुमच्याकडेच बोट दाखवतील.