अर्धा इंच

भावानं बाही वर सारली आणि उजवा हात माझ्यासमोर धरला.

"ताई, बघ. दंडाचा घेर अकरा इंच होता. आता साडेदहा."

दुकानात आम्ही दोघंच होतो. तो शिंपी, अख्खा रस्ता त्याला मास्तर म्हणतो. मी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. हा शहाणा दर रविवारी स्वतःचा हात मोजून आरशामागे खडूनं आकडे लिहीत होता, हे मला तेव्हा कळलं. असा राग आला! पण रागाखाली भीती होती.

आमचे बाबा मोटर न्यूरॉन डिसीजनं गेले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशीच एकेक करून मरतात. त्यांचाही आधी उजवा हातच बारीक झाला होता.

गेल्या वर्षी भावाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. त्याच सुमारास मी कुठंतरी वाचलं, की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं जास्त राहिलं तर बाबांच्या आजाराचा धोका थोडा वाढत असावा, असं काही अभ्यासांत दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संबंध दिसणं वेगळं, कारण सापडणं वेगळं. मी गोळी हृदयासाठी देतेय." मी सोयीपुरतं ऐकलं आणि हात धुऊन भावाच्या मागं लागले. तो नको म्हणत होता. गोळीनं काहींचे स्नायू दुखतात, मग गोळीचा त्रास कोणता नि आजार कोणता, हे ओळखायचं कसं? शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून घ्यायला लागला. आणि आता हा हात.

"दुखतोय?"

"नाही. तेच वाईट. बाबांचाही दुखला नव्हता." त्यानं कोपऱ्यातल्या ढिगाकडं मान वळवली. "महिन्याभरात सात विजारी परत आल्या. सगळ्या कमरेत घट्ट. वीस वर्षांत असं झालं नाही. माझी बोटं माझं ऐकत नाहीत, ताई. गोळी बंद केलीय मी परवापासून."

मी एक विजार उचलली. उलटी केली, सुलटी केली. शिलाई सरळ, काजं नीटस, टाका कुठं इकडचा तिकडं नाही. दुसरी पाहिली. तीही तशीच.

"सगळ्या घट्टच? एकही सैल नाही?"

"नाही."

"मग सगळ्या गिऱ्हाइकांची पोटं एकाच महिन्यात सुटली की काय?"

तो हसला नाही. गळ्यातल्या टेपकडं बघत राहिला. अंगाचं माप तो टेपनं घेतो आणि कापड मात्र टेबलावरच्या लोखंडी पट्टीनं मोजतो. जुनी टेप फाटली म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यानं कुठलीतरी स्वस्तातली घेतली होती. ती त्यानं पट्टीशेजारी ताणून धरली. टेपवरचे बारा इंच पट्टीवर साडेबारा भरले.

टेप लांबली होती. लांबलेल्या टेपनं गिऱ्हाइकांच्या कमराही कमी भरल्या आणि त्याचा हातही.

मी दोरा घेतला, त्याच्या हाताभोवती गुंडाळला आणि पट्टीवर ठेवला. अकरा. पुन्हा मोजला. अकरा.

तो स्टुलावर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. मी त्याला मूर्ख म्हटलं, वर दोन शेलक्या शिव्या हासडल्या, आणि मग मीच रडले.

"गोळी घेऊ?" त्यानं विचारलं.

"हृदयासाठी घे. त्या दुसऱ्याचं मला ठाऊक नाही."

"मग इतके महिने कशाच्या जोरावर सांगत होतीस?"

"भीतीच्या."

"तुझं किती आहे?"

"काय?"

"कोलेस्टेरॉल."

रोज चाळीस माणसांचं रक्त काढते मी. स्वतःचं एकदाही दिलेलं नाही. बाबा माझेही होते. कागदावर आकडा येत नाही तोवर आपण सुटलो, अशी स्वतःची समजूत घालत आले होते.

"दिव्याखाली अंधार," तो म्हणाला. "उद्या सकाळी जाऊ. दुकान उशिरा उघडीन."

दुसऱ्या दिवशी लॅबमधली मैत्रीण सुई घेऊन समोर बसली, तेव्हा मी हात मागं घेतला. दोनदा. तिसऱ्यांदा भावानं माझा दुसरा हात आपल्या उजव्या हातात धरला आणि इतका करकचून दाबला की सुई कधी टोचली ते मला कळलंच नाही.