एक परदेशी, जिवंत

केरियाच्या अंबानानं, म्हणजे तिथल्या चिनी हाकिमानं, दिलेला कागद सावूतला वाचता येत नव्हता, पण त्यातला शब्द न् शब्द त्याला तोंडपाठ होता. अंबानाच्या कारकुनानं तो तीनदा वाचून दाखवला होता, आणि तिसऱ्यांदा तर बाजारात गळ्यात लाकडी फळी अडकवून बसवलेल्या एका माणसाकडे बोट दाखवत. एक परदेशी, जिवंत. वाळवंट ओलांडून उत्तरेच्या नदीपलीकडच्या चौकीत पोचवावा. तिथल्या बेगानं, म्हणजे चौकीच्या मुख्यानं, तो ताब्यात घ्यावा आणि कागदावर शिक्का मारावा. शिक्क्याचा कागद परत आला नाही, तर फळीतल्या माणसाला शेजार मिळेल.

फळीतला माणूसही वाटाड्याच होता. त्याचा परदेशी आदल्या वर्षी वाळूत राहिला होता. फळी एवढी रुंद की हात तोंडापर्यंत पोचत नसत, म्हणून सावूतनं त्याला नान भरवला. तो चावत म्हणाला, की तसा माणूस भला होता, फक्त ऐकायचा नाही.

सावूतच्या वाट्याला आलेल्या परदेश्याचं नाव थॉर्नबी साहेब. वय पन्नास. त्यातली पंचवीस वर्षं त्यानं वाळूत काढली होती आणि प्रत्येक वाळवंटात काही ना काही ठेवून आला होता. अरबस्तानात डाव्या पायाची दोन बोटं, आफ्रिकेत अर्धा कान, राजपुतान्यात बायको. उंट सांभाळणारा बरात, म्हणजे सावूतचा मेहुणा, हे ऐकून हळहळला आणि बाईंची कबर कुठे आहे असं त्यानं विचारलं. साहेब म्हणाला, कबर नाही, ती तिथं एका स्टेशनमास्तरबरोबर सुखात आहे. साहेब तुर्की बोलायला काशगरच्या एका मुल्लाकडून शिकला होता. त्यामुळे तो शिव्या देऊ लागला तरी ऐकणाऱ्याचे हात आपोआप दुआला उठत.

त्याच्याजवळ एक नकाशा होता आणि नकाशाच्या मधोमध पांढरी जागा होती. ती त्याला सलत होती. दाढेत अडकलेल्या तुसावर जीभ जावी तसं त्याचं बोट पुन्हा पुन्हा तिथं जाई. सावूतला त्या जागेत गैर काही दिसत नव्हतं. तिथं वाळू होती, आणि वाळू पांढरी दाखवली तर बिघडतं कुठं?

ऐन थंडीत सात उंट निघाले. नदीचा बर्फ फोडून लोकरी पोत्यांत भरला होता. वीस दिवसांची वाट, बावीस दिवसांचं पाणी. दोन दिवस अल्लाच्या नावानं जास्त. सातव्या उंटावर साहेबाचा आंघोळीचा पत्र्याचा टब होता. इथं आंघोळ कशानं करणार, असं बरातनं विचारलं. वेळ आली की बघू, असं साहेबानं सांगितलं.

नवव्या दिवशी बोळक्या तोंडातल्या उरल्यासुरल्या दातांसारखे लाकडी खांब वाळूतून वर आलेले दिसले. साहेब उंटावरून उतरला नाही, पडला, आणि पडला तिथंच खणायला लागला. एक दिवस थांबू, म्हणाला. सहा दिवस थांबला. त्या सहा दिवसांत त्याला एक दार, दोन झाडू आणि एक बूट मिळाला. हे सगळं दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. झाडू तर माझ्या आजीकडेही होता, असं बरात म्हणाला. सावूत रोज संध्याकाळी बर्फाचं एक रिकामं पोतं आणून साहेबापुढे ठेवी. साहेब ते पोतं दुमडून त्यात सापडलेला बूट गुंडाळी.

पंधराव्या दिवशी साहेबाला ताप भरला. बर्फ उरला होता सात दिवसांचा, वाट अकराची.

दुसऱ्या दिवशी साहेबानं सावूतला तंबूत बोलावलं. तो न्यायी माणूस होता. पडल्या पडल्या त्यानं वही मागितली आणि म्हणाला, मी लिहून देतो, की माझ्या मरणात तुझी काही चूक नाही.

"केरियात तुमची लिपी वाचणार कोण?" सावूतनं विचारलं.

मग तुर्कीत लिहितो, असं साहेब म्हणाला आणि त्यानं दोन ओळी खरडल्याही. बरातनं त्या उलटसुलट धरून पाहिल्या आणि हे कोंबडीनं लिहिलंय असं वाटतं, असा शेरा मारला. अंबान म्हणणार, कागद सावूतनंच करवून घेतला. सावूतनं वही मिटली.

"साहेब, इथं मरायचं नाही," तो म्हणाला.

साहेबाला ते रास्त वाटलं. फक्त त्यानं विचारलं, "मग कुठं?"

"नदीपलीकडे. शिक्का पडला की तुम्ही मोकळे. त्याच्या आत मी मरू देणार नाही, आणि तुम्हीही हट्ट करायचा नाही."

आयुष्यभर हुकूम सोडणाऱ्या त्या माणसाला बहुधा पहिल्यांदाच एक सरळ हुकूम मिळाला असावा. त्यानं यंत्र उचललं, सूर्य मोजला आणि नदी बहात्तर मैल, असं सांगितलं. मग तो बेशुद्ध पडला.

उंटाच्या दोन मदारींमध्ये त्याला बांधून पाहिलं, पण तो ओल्या घोंगडीसारखा एका बाजूला ओघळायचा. शेवटी सावूतनं टब उतरवला, त्यात लोकरीचे नमदे अंथरले, साहेबाला निजवलं आणि टबाला दोर लावून दोन उंट जुंपले. टेकडी चढताना बरात मागून ढकली. टेकडी उतरताना टब उंटांच्या पुढे जाई, आणि मग साहेब शुद्धीवर येऊन डोकं बाहेर काढी, दिशा विचारी, वहीत लिही आणि पुन्हा बेशुद्ध होई. बर्फ आधी साहेबाला, उरला तर माणसांना, उंटांना अल्लाचा भरवसा. टब निघाल्याच्या पाचव्या दिवशी बरात म्हणाला, की आका, आपण याला ओढतोय की हा आपल्याला, हेच आता कळेनासं झालंय. सावूतनं नुसतं पुढे बोट दाखवलं. बोलायला थुंकी लागते.

शेवटचे दोन दिवस बर्फ नव्हता. दहाव्या दिवशी नदीकाठी वाढणारी तोग्राकची झाडं दिसली आणि झाडांमागे गोठलेली नदी. साहेब श्वास घेत होता. सावूतनं त्याच्या नाकापुढे आरसा धरून खात्री केली, मग बरातकडूनही खात्री करून घेतली, कारण चौकीत साक्षीदार लागतो.

चौकीचा निजामुद्दीन बेग नदी ओलांडून आला. टबाभोवती दोनदा फिरला. मग त्यानं सावूतला बाजूला घेतलं.

"हा आज रात्री माझ्याकडे मेला तर?"

"मेला नाही, मालक. कागदावर लिहिलंय, जिवंत."

"कागदावर लिहिलंय हो. याच्या तोंडावर लिहिलेलं दिसत नाही."

बेगही न्यायी माणूस होता. हद्द नदीच्या मधोमध आहे, असं त्यानं समजावलं. अलीकडे परदेशी तुझा, पलीकडे माझा. हा स्वतःच्या पायांनी, कुणी हात न लावता नदी ओलांडून आला तर शिक्का लगेच. टबातून आलेला माल आपण घेत नाही.

सावूतनं तिथंच काठावर तंबू ठोकला. मेंढपाळांकडून मेंढी आणली. सकाळी रस्सा, दुपारी रस्सा, रात्री रस्सा. साहेबानं तोंड फिरवलं की सावूत त्याचं नाक दाबी. सातव्या दिवशी साहेबानं मुल्लाच्या तुर्कीत सावूतच्या बापाचा उद्धार केला, तेव्हा ताप उतरल्याचं त्याला समजलं. नवव्या दिवशी साहेब उभा राहिला. वाऱ्यावर उभ्या केलेल्या शिडीसारखा, पण उभा.

दहाव्या दिवशी बेग पलीकडच्या काठावर शिक्क्याची पेटी घेऊन बसला. साहेब बर्फावर उतरला. मागे दोन हात पसरून सावूत, हात न लावता. साहेब एक पाऊल टाकी, थांबे, दुसरं टाकी. ओठ हलत होते. दुआ करतोय, असं सावूतला वाटलं. नदीच्या मध्याजवळ, हद्दीला चार पावलं उरली असताना, साहेब थांबला, वळला आणि परत निघाला.

"साहेब, काय झालं?"

"मोजणी चुकली," साहेब म्हणाला. "नदीची रुंदी नकाशावर हवी. एकशे चार की एकशे पाच, विसरलो."

सावूतच्या तोंडावर आलं होतं ते मुल्लाच्या तुर्कीत बसणारं नव्हतं. साहेबाचे ओठ निळे पडले होते, आणि हा माणूस चुकीची नदी पदरात घेऊन जिवंत राहायला तयार नव्हता. हात लावला तर शिक्का गेला. न लावला तर परदेशी गेला.

"तुम्ही फक्त चाला," सावूत म्हणाला. "मोजतो मी."

साहेबानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. पंचवीस वर्षांत त्यानं मोजणी कुणाच्या हाती दिली नव्हती. मग तो काठावर परत गेला आणि वळला. सावूत मोठ्यानं म्हणाला, एक.

बरात अलीकडून मोजू लागला. बेगही, पलीकडे, नकळत. शंभराला साहेब गुडघ्यावर आला. तिघंही शंभरावरच थांबले आणि शंभर, शंभर, शंभर म्हणत राहिले, तो उठेपर्यंत. एकशे आठला हद्द गेली. दोनशे सोळाला साहेबाच्या बुटाचं टोक पलीकडच्या मातीला लागलं.

"दोनशे सोळा," सावूत म्हणाला.

साहेबानं वहीत लिहिलं आणि बसला, म्हणजे कोसळला. बेगानं त्याच्या नाकापुढे हात धरला, मग शिक्का मारला. लाल शाई वाळायच्या आत कागद सावूतच्या अंगरख्यात गेला.

बेगाचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. परदेशी आता त्याचा होता. त्यानं सावूतची बाही धरली आणि खालच्या आवाजात विचारलं, की हा खातो काय.

"रस्सा," सावूत म्हणाला. "नाक दाबावं लागतं."

मग तो बर्फावरून अलीकडे परतला. चुलीवर मेंढीचा रस्सा तसाच होता. त्यानं आणि बरातनं नान बुडवून अर्धा संपवला. बरातनं उंट उठवले आणि विचारलं, निघायचं का, आका?

सावूतनं उरलेल्या भांड्यावर झाकण ठेवलं, फडक्यात गुंडाळलं आणि पुन्हा नदीकडे चालू लागला. बेगाला नाक नीट दाबता येईल असं त्याला वाटत नव्हतं.